बारागाड्यांच्या वाटेवरची दोन अंडी

डॉ. मुरलीधर सोनजे साहेबांची आणि माझी पहिली भेट आमच्या गोठ्यात झाली. आमची गाय अडली होती. फाल्गुन लागलेला, ऊन चटके देऊ लागलेले, आणि मी दुपारपासून गोठा ते ओटा अशा येरझाऱ्या घालत होतो. पिंपळनेरच्या गुरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले आहेत एवढेच कानावर होते. नवे म्हणजे कसे असतील, एवढ्या लांब येतील का, आले तर गायीला हात लावतील की नुसता कागद लिहून देतील, असे सगळे मी मनात करून बसलो होतो. साहेब आले. त्यांनी शर्ट काढून खुंटीला टांगला, कोपराच्या वरपर्यंत साबण लावला आणि गायीच्या आधी माझ्याकडे पाहिले. म्हणाले की तुम्ही जरा बाहेर बसा, तुमचा चेहरा पाहून ती जास्त घाबरते आहे. मी बाहेर बसलो. दिवस कलायच्या आत वासरू पायांवर उभे होते.

हात धुऊन झाल्यावर साहेबांनी विचारले की ही गाय चरते कुठे. मी डोंगराकडे बोट दाखवले. वर गवळमाळ आहे, तिथे मी वनखात्याचा राखणदार आहे, असे सांगितले. गवत कसे आहे ते पाहायचे म्हणून साहेब तसेच माझ्याबरोबर चढले. वर गेल्यावर त्यांनी गवत पाहिले, मूठभर उपटून हुंगलेही. पण मग ते जे आभाळाकडे पाहत उभे राहिले ते अंधार पडेपर्यंत. मला वाटले, माणसाला चढ बाधला. त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर तो डोंगर चढतो आहे.

आता साहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. मी त्यांच्याहून थोडा मोठाच आहे. गौरव समितीच्या मंडळींनी मला लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नको म्हणालो. माझी शाळा सातवीत सुटली. या ग्रंथात प्राध्यापक लिहिणार, अधिकारी लिहिणार, त्यांच्या पंगतीत माझे पान कशाला? शिवाय आपल्या हातून वेडेवाकडे काही लिहिले जायचे आणि साहेबांना कमीपणा यायचा, ही धास्ती होतीच. समितीने सांगितले की तुम्ही जे जवळून पाहिले तेवढेच लिहा. तेवढेच लिहितो. चूकभूल संपादकांनी सावरून घ्यावी.

ज्यांनी गवळमाळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चढ संपला की एकदम सपाट पठार लागते. गवत, मुरूम, मधे बोरीची झुडपे आणि देवीचे लहानसे देऊळ. मोठे झाड जवळजवळ नाही. बाहेरचा माणूस येतो आणि म्हणतो, इथे तर काहीच नाही. मीही तेच म्हणत असे, आणि त्याच जागेची राखण करत असे. साहेबांनी मला फाल्गुनातला माळ दाखवला. कापलेल्या गवताचे खुंट उन्हात पिवळे पडलेले असतात. त्यांतून डोंबारी नावाचा चिमणीएवढा पक्षी शीळ घालत सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि आता आपटणार असे वाटते तोच पुन्हा वर जातो. नीलपंख हवेत कोलांट्या मारत मादीसमोर मिरवतात. थंडीत उत्तरेकडून आलेले भोवत्या ससाणे परत निघायच्या बेतात असतात, ते संध्याकाळी गवतात एकत्र उतरतात. दिवस मावळताना पखुर्ड्या जोडीजोडीने पाणवठ्यावर येतात. आणि टिटव्या तर आपण नुसते खोकलो तरी डोक्यावर येऊन भांडतात. यांतले बहुतेक पक्षी जमिनीवरच राहतात आणि जमिनीवरच अंडी घालतात. साहेब म्हणत की जंगल वाचवायला सगळे धावतात, माळाला मात्र ओसाड म्हणतात आणि त्यावर काहीही करायला मोकळे होतात.

साहेबांच्या कामाची पद्धत एका उदाहरणाने सांगतो. होळीच्या सुमारास माळ पेटवायची आमच्याकडे रीत होती. जळलेल्या जागी लवकर कोवळी पाती फुटतात आणि गुरे खातात, असा समज. साहेबांनी गावात कुणाला पाखरांची गोष्ट सांगितली नाही आणि कायदाही सांगितला नाही. त्यांनी एवढेच म्हटले की या वर्षी अर्धा माळ पेटवा, अर्धा ठेवा, आणि पावसाळ्यात गवत कुठे दाट येते ते तुम्हीच मला सांगा. ते वर्षभर मी काळजीत होतो, कारण गवत उलटे उगवले असते तर साहेबांची सगळी पत गेली असती. पण न पेटवलेल्या बाजूला गवत कमरेला लागले. पुढच्या होळीला माळाला काडी कुणी लावली नाही. पुढे माळ राखीव कुरण म्हणून जाहीर झाला, त्यासाठी साहेबांनी धुळ्याच्या किती खेपा घातल्या ते इतरांनी लिहिले असेलच.

त्यांच्या मायेबद्दलही लिहायला हवे. एका उन्हाळ्यात माझ्या छातीत धडधडू लागले. घरचीने परस्पर साहेबांना फोन केला आणि चांगलेसे औषध पाठवा म्हणाली. साहेब म्हणाले की हिलालभाऊंचे वजन म्हशीएवढे असते तर लगेच पाठवले असते. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले आणि मला धुळ्याला घेऊन गेले. मोठ्या दवाखान्यात रांग होती. साहेब माझ्याबरोबर रांगेत बसले. तिथल्या नर्सबाईंनी विचारले की तुम्ही पेशंटचे कोण. साहेब म्हणाले, "मी यांचा सहकारी." मी रोजंदारीवर लागलेला राखणदार आणि ते निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी. माझ्या छातीत काही निघाले नाही. डॉक्टरांनी सांगितले की काळजी कमी करा. घरी येईपर्यंत मला ती कशी कमी करायची याची काळजी लागली होती, आणि हे मी साहेबांना सांगितल्यावर ते बसमध्ये मोठ्याने हसले.

आता गेल्या वर्षीची हकीकत. ती कुठेतरी लिहिलेली असावी म्हणून मी हा लेख मान्य केला.

गवळमाळावर चैत्रात देवीची जत्रा भरते आणि त्या दिवशी बारागाड्या ओढतात. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बारा बैलगाड्या बैल न जोडता एकामागे एक बांधतात, त्यांत माणसे भरतात, आणि व्रत धरलेला भगत कमरेला दोर बांधून त्या देवीच्या देवळापर्यंत ओढून नेतो. त्याच्या दोन्ही बाजूंना आधाराला माणसे असतात. आमच्या गावचे भगत उखाजी. त्यांच्या आधी त्यांचे वडील ओढत. गाड्या माळाच्या उत्तर टोकाला उभ्या करायच्या आणि सरळ देवळाच्या दाराशी आणायच्या, कारण देवीचे तोंड उत्तरेला आहे. बांधलेल्या बारा गाड्या वळत नाहीत. वळवायला गेले तर मागच्या उलटतात. म्हणून वाट सरळच लागते, आणि ती आजोबा-पणजोबांपासून तीच होती.

त्या वर्षी फाल्गुन सरता सरता साहेबांना माळावर धाविकाची जोडी दिसली. धाविक हा टिटवीहून लहान, मातकट तांबूस रंगाचा, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी असलेला पक्षी. उंच पांढऱ्या पायांवर थोडे पळतो, थांबतो, वाकतो, पुन्हा पळतो. पूर्वी तो आमच्याकडे असे. पुढे कधी दिसलाच तर येता-जाता दिसे, पण माळावर त्याचे घरटे बऱ्याच वर्षांत झाले नव्हते. पाडवा झाला आणि एका सकाळी साहेबांनी एकदम माझा दंड धरला. माझी चप्पल पडणार होती त्याच्या वीतभर पुढे, उघड्या मुरमावर, शेळ्यांच्या लेंड्यांमध्ये दोन अंडी होती. काडी नाही, पान नाही. मुरमासारखाच रंग. मी पाय मागे घेतला. साहेबांनी मात्र मान वळवून आधी देवळाकडे पाहिले, मग उत्तर टोकाकडे पाहिले, आणि ते मोजून पावले टाकत मागे आले. मग मलाही कळले. अंडी बारागाड्यांच्या वाटेच्या मधोमध होती.

कुणीतरी गुराख्याने मोबाइलवर अंड्यांचा फोटो काढून खात्याला पाठवला असावा. वनखात्याचे साहेब जीप घेऊन वर आले. तरुण अधिकारी, मनाने चांगले. ते म्हणाले की कुरण राखीव आहे, या वर्षी जत्रा वर भरू देत नाही, तसा आदेश काढतो. मला आतून बरेच वाटले, कारण आदेश निघाला की माझी जबाबदारी संपली. पण साहेबांनी त्यांना बाजूला नेले. ते म्हणाले की आदेशाने या वर्षीची अंडी वाचतील, पण गाव कायमचे दुरावेल, आणि गाव दुरावले की एका रात्रीत माळ पेटतो. दुसऱ्या एका कुरणाचे तसे झालेले त्यांनी पाहिले होते. अंडी वाचायला हवीत आणि जत्राही व्हायला हवी, दोन्हींपैकी एक जरी गेले तरी माळ गेला, असे त्यांचे म्हणणे. अधिकाऱ्यांनी विचारले की अंडी फुटली तर जबाबदार कोण. साहेब म्हणाले, "मी." अधिकारी सोमवारच्या बाजारापर्यंत थांबायला कबूल झाले.

माझी झोप तिथेच उडाली. जन्मभर मीठ वनखात्याचे खाल्लेले, घर गावात. कुणाच्याही बाजूने बोललो तरी मार खाणार.

त्यानंतर एक चूक झाली. शेळ्या-गुरे त्या जागी जाऊ नयेत म्हणून साहेबांनी दगड वेचले, चुन्यात बुडवले आणि घरट्याभोवती थोडे लांबून त्यांचे रिंगण मांडले. मलाही ते चांगले वाटले. माळावर पांढरा चुना दिसला की आमचे लोक त्याचा एकच अर्थ लावतात, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही. पिंपळनेरचे मांडववाले सलीमभाई दर वर्षी जत्रेचा मांडव घालतात आणि बारागाड्यांची वाट चुन्याच्या फक्कीने आखून देतात. त्यांचा टेम्पो सामान घेऊन वर आला. रिंगण पाहून त्यांना वाटले की आखणीच्या दोरीचा मधला खुंट कुठे ठोकायचा ती जागा या वर्षी पंचांनी आधीच आखून दिली आहे. त्यांची माणसे पहार घेऊन उतरली.

मी देवळाच्या ओट्यावरून ते पाहिले आणि ओरडत धावलो. वारा समोरून होता, आवाज पोचेना. जवळ गेलो तर पहार हातात धरून सगळे जागीच उभे. धाविक त्यांच्या पायांपुढे पळत होता, थांबत होता, पुन्हा उलटा पळत येत होता. सलीमभाईंना वाटले की पाखराला टेम्पोचा धक्का लागला, म्हणून त्यांनी काम थांबवले होते. मला बोलता येईना. सलीमभाई म्हणाले, "आबा, आधी दम घ्या. कोणी मेलं नाही." मग त्यांना मी अंडी दाखवली. त्यांनी दोन्ही कानांना हात लावला आणि टेम्पो आला त्याच चाकोरीतून मागे घेतला.

अंडी वाचली, पण गोष्ट गावात पोचली ती वेगळीच होऊन. डॉक्टरांनी देवीच्या वाटेवर गावाला न विचारता चुना टाकला, असे झाले. संध्याकाळी पारावर माणसे जमली. साहेबांना बोलावणे गेले. एक जण म्हणाला की डॉक्टर, ढोरांचं तुम्ही पाहा, देवीचं आम्ही पाहू. दुसऱ्याने सुचवले की अंडी उचला आणि माझ्या कोंबडीखाली ठेवा, ती कुणाचंही उबवते. त्यावर सगळे हसले. मी हसणाऱ्यांची तोंडे पाहत होतो. त्यातल्या किती जणांची गुरे साहेबांनी अपरात्री येऊन वाचवली होती. उखाभगतांच्या बैलाने चाऱ्यातून तार गिळली होती, तेव्हा साहेबांनी पोट फाडून ती काढली होती आणि तो बैल पुढे कितीतरी हंगाम औताला चालला. मी साहेबांच्या कानाशी लागून म्हणालो की बैलाची आठवण द्या. त्यांनी माझा हात दाबून मला गप्प बसवले.

मग ते उभे राहिले. म्हणाले, "चुना मी टाकला. गावाला विचारलं नाही, ही माझी चूक आहे. सलीमभाईंची नाही आणि हिलालभाऊंचीही नाही. दगड मी आताच उचलून आलोय." नंतर त्यांनी धाविकाबद्दल थोडक्यात सांगितले, उद्या सकाळी मी वर आहे, ज्यांना पाहायचे त्यांनी यावे, असे म्हणून ते खाली बसले. त्यांनी गाड्यांबद्दल एक शब्दही काढला नाही. मला त्यांचा राग आला. एवढी संधी होती, सरळ मागायचे होते.

सकाळी एकटे उखाभगत आले. व्रतामुळे अनवाणी, अंगाला हळद. आम्ही तिघे बोरीच्या झुडपाआड बसलो. उन्हे वर आली तसा अंड्यांवर बसलेला पक्षी उठला आणि पाय फाकवून, पंख थोडे उघडून, अंड्यांवर सावली धरून उभा राहिला. चोच उघडी, गळा धापा टाकत होता. बऱ्याच वेळाने जोडीदार आला, तेव्हा तो हलला आणि दुसरा तसाच उभा राहिला. उखाभगत पाहत होते. हे खातात काय, असे त्यांनी विचारले. साहेबांनी किडे, वाळवी, नाकतोडे सांगितले, आणि एक खायला गेला की दुसऱ्याला उन्हात उभे राहावे लागते हेही सांगितले.

"पानी बी नई," उखाभगत म्हणाले. "हाई बी व्रत धरेल शे."

नंतर ते साहेबांकडे वळले. "डाक्टर, काल बठ्ठास समोर तुम्ही काहीच मांगं नई. काबर?" सगळ्यांसमोर काहीच का मागितले नाही म्हणून.

साहेब म्हणाले, "भगत, मी मागितलं असतं तर तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं. देवीचं काम आहे. तुम्हाला नाही म्हणता आलं पाहिजे."

उखाभगत उठले, देवळापर्यंत गेले, देवळाला वळसा घालून दक्षिणेच्या अंगाला गेले. तिकडे जत्रेत मोटारसायकली आणि जीपगाड्या लावतात. चाकांनी मुरूम दबून रस्त्यासारखा झाला आहे, गवत उगवत नाही, पाखरू बसत नाही. तिथे ते कमरेवर हात ठेवून पुष्कळ वेळ उभे होते.

दुपारी त्यांनी पंचांना बोलावले आणि या वर्षी गाड्या दक्षिणेकडून येतील असे सांगितले. पारावर एकदम कालवा झाला. देवीचे तोंड उत्तरेला, गाड्या दक्षिणेकडून आणायच्या म्हणजे तिच्या पाठीमागून आणायच्या. असे कधी झाले नव्हते. सर्वांत वयस्कर पंचांनी विचारले की देवीला कळेल तरी का कोण आले ते. हाच खरा मुद्दा होता, म्हणून मी साहेबांकडे पाहिले. साहेब खाली मान घालून बसले होते.

उखाभगत म्हणाले, "माय पाठमोरी बठेल ऱ्हायनी तरी पोऱ्याना पाय वळखस."

आई पाठमोरी बसलेली असली तरी पोराचे पाय ओळखते. वयस्कर पंचांनी टोपी काढून पुन्हा घातली. शेवटी आदल्या दिवशी ढोरांवरून बोलणारा तोच गृहस्थ म्हणाला की मग आमच्या मोटारसायकली काय डोक्यावर ठेवायच्या का. मोटारसायकली पायथ्याशी लावा आणि देवीला या चढून, असे ठरले. उठताना साहेबांनी उखाभगतांचे हात दोन्ही हातांत धरले आणि त्यांना सोडवेनात.

सोमवारी वनखात्याचे अधिकारी आले तेव्हा सलीमभाई दक्षिणेकडे फक्की मारत होते. हा हुकूम कुणी काढला, असे त्यांनी विचारले. साहेब म्हणाले की गावाने. अधिकाऱ्यांनी टोपी काढून घाम पुसला. त्यांनाही सुटल्यासारखे वाटले असावे.

जत्रेच्या दिवशी साहेब आणि मी सकाळपासून बोरीच्या झुडपाशी होतो. भगताचा शब्द होता म्हणून बायाबापड्या नैवेद्य घेऊन लांबचा वळसा घालून जात होत्या. सलीमभाईंनी कर्णे न सांगता दक्षिणेकडे वळवले होते. तरी मला चैन नव्हते. कुत्रे येईल, फुगेवाला येईल, पिऊन कुणी भरकटेल, असे एकेक सुचत होते. मला जे सुचले नाही ते आले. धुळ्याहून आलेल्या एकाने चित्रण करायला ड्रोन उडवला. तो घोंगावत आमच्या डोक्यावर आला आणि धाविक अंड्यांवरून उठून उडाला, तो दिसेनासाच झाला.

ऊन कडक होते. अंडी उघडी पडली. साहेबांना पुढे जाता येईना, कारण माणूस जवळ गेला तर पक्षी परत येणार नाही. ते एवढेच पुटपुटले की फार वेळ नाही टिकणार. तिकडे लोकांनीच त्या ड्रोनवाल्याला गाठले आणि यंत्र खाली उतरवायला लावले. त्याच वेळी देवळापलीकडे देवीच्या नावाचा गजर उठला, गाड्या निघाल्या. जन्मात पहिल्यांदा मी बारागाड्या पाहिल्या नाहीत. मी मुरमाकडे पाहत होतो. साहेबही दुर्बीण डोळ्यांवरून न हलवता तिकडेच पाहत होते. गजर वाढत गेला, थांबला, म्हणजे गाड्या पोचल्या. मुरमावर काही नव्हते.

मग मुरमाचाच एक तुकडा पळाल्यासारखे झाले. थांबला. वाकला. पुन्हा पळाला. धाविक आला, त्याने अंड्यांकडे मान खाली करून पाहिले आणि पाय फाकवून सावली धरली.

साहेब म्हणाले, "हिलालभाऊ, आता पाणी द्या." सकाळपासून त्यांनी घोट घेतला नव्हता. मी तांब्या पुढे केला तर निम्मे पाणी त्यांच्या शर्टावर सांडले. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन न जेवता झोपलो, आणि एवढा गाढ झोपलो की घरचीने मला दोनदा हलवून पाहिले.

जत्रा पांगल्यावर काही दिवसांनी अंडी फुटली. आम्ही उखाभगतांना निरोप दिला. ते आले तेव्हा पिल्ले जागा सोडून मुरमात कुठेतरी दबून बसली होती. साहेबांनी बोटाने दाखवले तरी त्यांना दिसेनात. ती इथेच आहेत एवढे ऐकून उखाभगतांनी उचललेला पाय तसाच वर धरला. खाली कुठे टेकवावा कळेना. बारा गाड्या ओढणारा तो धिप्पाड माणूस एका पायावर उभा राहून विचारत होता, "डाक्टर, आते मी जाऊ कथा?" कुठे जाऊ म्हणून. साहेबांना इतके हसू आले की त्यांना बसावे लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसे पाहिले नव्हते. शेवटी एक पिल्लू हलले, मग दुसरे हलले, आणि भगतांचा पाय जमिनीवर आला.

या वर्षी धाविक पुन्हा आले. जुन्या वाटेपासून जरा बाजूला त्यांनी घरटे केले. गाड्या दक्षिणेकडूनच आल्या. त्यावर पारावर चर्चा झाली नाही, आदेश लागला नाही, मोटारसायकली खालीच राहिल्या. फक्की मारण्याआधी पंच साहेबांच्या घरी गेले आणि विचारून आले, एवढेच झाले. ज्या गोष्टीसाठी मी किती रात्री जागलो ती आता गावाची रीत होऊ लागली आहे.

साहेबांच्या पंचाहत्तरीला माझे मागणे मोठे नाही. त्यांच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू त्यांनी दिवाळीच्या आत काढून घ्यावा, ते टाळत आहेत हे मी इथे सर्वांसमोर लिहून ठेवतो. चढावर एकट्याने जाऊ नये. गुडघ्याचे तेल वेळेवर लावावे. देवीने त्यांना शंभरी दाखवावी आणि ती त्यांनी आपल्या पायांवर पाहावी. दर चैत्रात फक्की मारण्याआधी पंचांनी त्यांच्या दारात जाऊन विचारावे की डॉक्टर, या वर्षी गाड्या कुठून आणू, आणि साहेबांनी घरात बसून उत्तर न देता म्हणावे, थांबा, आधी वर जाऊन बघून येतो.

हिलाल झिपरू माळी